रानात उभे असलेले गलबत

समुद्रावरच्या पुस्तकांविषयी रांजणगावात बसून लिहिणे थोडे हास्यास्पद आहे, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पुणे-नगर रस्त्यावरचे हे गाव महागणपतीसाठी सर्वांना ठाऊक आहे. अलीकडे कारखान्यांच्या वसाहतीसाठीही ठाऊक झाले आहे. समुद्राशी त्याचा सोयरसंबंध नाही. तालुक्यातून घोड नदी वाहते, पण तिच्यात शीड उभारलेले कोणी पाहिलेले नाही. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या लेखी पाण्यावर तरंगणारी वस्तू म्हणजे गुळाची काहील. पूर आला की तीत बसून माणसे पैलतीर गाठीत, आणि पूर ओसरला की तीच काहील पुन्हा चुलाणावर चढे.

तरीही गेली काही वर्षे मी एकाच जातीची पुस्तके पुन्हा पुन्हा वाचतो आहे. शिडाच्या लहानशा नावेत घर थाटून महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या, आणि बहुधा एकट्यानेच पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या माणसांची ही पुस्तके. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. वादळांची प्रकरणे मी भराभर उलटतो आणि त्यांच्या आधीच्या, नाव अजून जमिनीवर टेकू देऊन उभी असतानाच्या प्रकरणांपाशी रेंगाळतो. पूर्वी मी नेमके उलट करीत असे. एवढेच नव्हे, तर पंचवीसएक वर्षांपूर्वी अशाच एका पुस्तकाचे परीक्षण लिहिताना 'आरंभीचे लाकूडकाम गाळले असते तर पुस्तक आटोपशीर झाले असते', असा अभिप्राय मी मोठ्या ऐटीत दिला होता. तो अभिप्राय चुकीचा होता. तो का चुकला, आणि त्या चुकीत माझ्याखेरीज आपल्या एकूण वाङ्मयीन अभिरुचीचा वाटा किती होता, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

या सगळ्या पुस्तकांचा मूळपुरुष म्हणजे जोशुआ स्लोकमचे 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड'. ते १९०० साली प्रसिद्ध झाले. स्लोकम १८४४ साली नोव्हा स्कोशियात जन्मला, पुढे अमेरिकेचा नागरिक झाला, आणि शिडाच्या मोठ्या जहाजांवर कप्तान म्हणून त्याने उमेदीची वर्षे घालविली. २४ एप्रिल १८९५ रोजी तो बोस्टनहून 'स्प्रे' नावाच्या गलबतातून एकटा निघाला आणि ४६,००० मैलांचा प्रवास करून २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला परतला. एकट्या माणसाने केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. हा पराक्रम सर्वांना माहीत असतो. पण पुस्तकाचा आरंभ पराक्रमाने होत नाही. तो बेकारीने आणि एका थट्टेने होतो.

१८९२ च्या हिवाळ्यात स्लोकम बोस्टनमध्ये काम शोधीत हिंडत होता. वाफेच्या जहाजांनी शिडाच्या जहाजांचा धंदा बसविला होता आणि पन्नाशीकडे झुकलेल्या कप्तानाला कोणी विचारीत नव्हते. अशा वेळी एबेन पियर्स हा देवमाशांच्या शिकारीवर आयुष्य काढलेला जुना कप्तान त्याला म्हणाला, फेअरहेवनला ये, तुला एक जहाज देतो, मात्र त्याला थोडी डागडुजी लागेल. स्लोकम गेला. पाहतो तो पाण्यापासून दूर, गुरांच्या कुरणात, टेकू देऊन उभे केलेले आणि ताडपत्रीखाली झाकलेले एक जीर्ण गलबत! सात वर्षे ते तिथेच होते आणि गावात त्याची चेष्टा चाले. नवा मालक ते मोडून लाकूड विकणार असेच सर्वांना वाटले. नाही, मी ते पुन्हा बांधणार आहे, असे स्लोकमने सांगितले तेव्हा गावकऱ्यांनी जो प्रश्न विचारला, तोच पुढे वर्षभर त्याच्या कानी पडत राहिला: हे परवडेल का?

रांजणगावच्या वाचकाला हे चित्र समजून घ्यायला समुद्र पाहिलेला असण्याची गरज नाही. रानात उभी असलेली मोडकी वस्तू, तिच्याभोवती जमणारी रिकामटेकडी माणसे आणि 'परवडेल का' हा प्रश्न आपल्याकडेही आहेच.

स्लोकमने मग काय केले, ते तो विलक्षण साधेपणाने सांगतो. जवळच्या रानातले एक चांगले ओकचे झाड त्याने पाडले. त्याचा तळाचा कणा झाला. सरळ वाढलेली कोवळी झाडे बरगड्यांसाठी तोडली. वाफेची पेटी तयार केली, पाणी उकळायला एक भांडे मिळविले, लाकूड मऊ होईपर्यंत त्यात वाफवले आणि ओंडक्यावर वाकवून आकार धरेपर्यंत बांधून ठेवले. फळ्या दीड इंच जाडीच्या पाइनच्या. सांध्यांत कापूस आणि ताग ठोकून भरला. रोज काहीतरी डोळ्यांना दिसेल असे घडत होते, म्हणून शेजारी येत, बसत, गप्पा मारीत. त्यांत देवमाशांच्या मागे उत्तर ध्रुवाच्या बाजूला गेलेले म्हातारे कप्तान असत. ते फळी ठोकून पाहत आणि ती बर्फाला टिकेल की नाही यावर मत देत. सामानाचा एकूण खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट आला आणि स्वतःची मजुरी तेरा महिने. मधून मधून बंदरात दुसऱ्या जहाजांवर काम करून तो खर्चाची तोंडमिळवणी करी.

हा मजकूर वाङ्मय आहे की हिशेबाची वही, असा प्रश्न मला एके काळी पडला होता. आज मला त्यात तीन गोष्टी दिसतात.

पहिली अशी की, पुस्तकातल्या साऱ्या पुढच्या घटनांचा पाया या प्रकरणाने घातलेला आहे. पॅटागोनियाच्या किनाऱ्याजवळ एक प्रचंड लाट येते. स्लोकमला ती आधी दिसते. शिडे उतरवून तो दोरखंडांना धरून वर चढतो, आणि काही क्षण खालचे गलबत त्याला मुळीच दिसत नाही. सगळे पाण्याखाली गेलेले असते. मग ते थरथरत पुन्हा वर येते. कोणत्याही साहसकथेत असा प्रसंग असतो आणि बहुतेक ठिकाणी तो आपल्याला लेखकाच्या शब्दावर मान्य करावा लागतो. येथे तसे होत नाही. त्या पाण्याखाली काय आहे ते आपण फळीफळीने पाहिलेले असते. ओकचा कणा कुठून आला, बरगड्या कशा वाकल्या, हे ठाऊक असल्यामुळे त्या काही क्षणांत वाचकाच्या मनापुढे पोकळी नसते. एक निश्चित वस्तू असते आणि ती टिकेल की नाही ही चिंता खरी असते. टीकेच्या परिभाषेत आपण ज्याला 'प्रत्यय' म्हणतो तो येथे वर्णनाच्या भडकपणातून आलेला नाही. तो तेरा महिन्यांच्या मजुरीतून आलेला आहे. आरंभीचे लाकूडकाम गाळले असते तर ही लाट नुसती मोठी लाट उरली असती.

दुसरी गोष्ट नावेत राहण्याची. स्लोकमने दोन लहान खोल्या केल्या. मागची सुमारे दहा फूट बाय बारा फूट, झोपण्याबसण्याची; पुढची त्याहून लहान, स्वयंपाकाची. दोन्हींची छपरे डेकच्या वर तीन फूट आलेली, म्हणजे आत पुरती उंची मिळेल. दोन खोल्यांच्या मधल्या पोटात पाणी, खारवलेले मांस आणि बाकीचा साठा. वेळ पाहायला त्याच्याजवळ पत्र्याचे एक घड्याळ होते. त्याची किंमत दीड डॉलर. तबकडी फुटलेली म्हणून दुकानदाराने ते एका डॉलरला दिले. पृथ्वीभोवती वाट काढणाऱ्या माणसाचे हे कालमापन! घर मांडताना माणूस काय घेतो आणि काय टाकतो यावरून त्याचा स्वभाव कळतो, आणि स्लोकमचा स्वभाव मला त्याच्या कोणत्याही विचारापेक्षा त्या खोल्यांच्या मापांतून अधिक कळला. पुढे सेंट हेलेनाहून निघताना कोणीतरी त्याला एक शेळी देतो आणि ती वेस्ट इंडीजचा नकाशाच खाऊन टाकते. आपल्याला हसू येते ते त्या घराचा कोपरान् कोपरा आपल्या ओळखीचा झालेला असतो म्हणून. नकाशा कुठे असतो आणि शेळी कुठे बांधली असेल हे आपल्याला दिसते.

तिसरी गोष्ट तो जे सांगत नाही ती. त्याची पहिली पत्नी व्हर्जिनिया लग्नापासून त्याच्याबरोबर जहाजावरच राहत असे. १८८४ साली ब्वेनोस आइरेसला ती वारली. १८८७ च्या अखेरीस त्याचे स्वतःचे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटले. 'स्प्रे'ला हात घालणारा माणूस म्हणजे बायको, जहाज आणि धंदा तिन्ही गमावलेला माणूस होता. पुस्तकात या दुःखाचा उच्चार जवळजवळ नाही. एखाद्या भावनाप्रधान लेखकाने गलबताची डागडुजी आणि मनाची डागडुजी यांची सांगड घालून आपल्याला बेजार केले असते. स्लोकम फक्त फळी बसवितो. पण ज्या चिकाटीने बसवितो तिला चरित्राचा अर्थ आहे आणि तो अर्थ वाचकाने स्वतः काढायचा आहे. आपल्याकडे संयमाची स्तुती पुष्कळ होते, तरी संयमाने लिहिलेले पान ओळखण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

याच प्रकरणात एक जुना तात्त्विक प्रश्नही हळूच येऊन जातो. 'स्प्रे'चा कणा नवा, बरगड्या नव्या, फळ्या नव्या. मग ती 'स्प्रे'च कशी? स्लोकम लॉइड्सच्या नियमाचा दाखला देतो: जुन्यातून दुरुस्त होत होत सर्वस्वी नवे झालेले जहाज मूळ नावाचेच राहते. प्लुटार्कने थीसियसच्या नौकेच्या निमित्ताने हाच वाद नोंदविलेला आहे. आमच्या गावाला तो ग्रीक वाद शिकवावा लागत नाही. महागणपतीच्या देवळाला माधवराव पेशव्यांच्या काळात हात लागला, सभामंडप इंदूरच्या सरदार किब्यांनी बांधला, आणि पुढेही भर पडतच राहिली. देऊळ तेच आहे. 'जीर्णोद्धार' या शब्दात आपण जीर्णाचा उद्धार म्हणतो, नाश म्हणत नाही. गलबताच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ कारागिराच्या पातळीवर फार नेमका आहे. सगळी जुनी लाकडे एकदम काढली तर आकार हरवतो. म्हणून एक काढायचे, त्याच्या मापाने दुसरे घालायचे, मग तिसऱ्याला हात लावायचा. आकार जुन्याकडून नव्याकडे असा हातोहात जातो. परंपरा आणि नवता यांवर आपल्याकडे झालेल्या व्याख्यानांपैकी पुष्कळशी मी ऐकली आहेत. हा मुद्दा इतक्या स्पष्टपणे त्यांत मला भेटला नव्हता.

येथे एक खासगी गोष्ट सांगणे भाग आहे, कारण माझ्या जुन्या अभिप्रायाचे मूळ तीत आहे. माझे वडील सुतार होते. आमच्या दारात गाड्यांची चाके येत. तुंबा चिरलेला असे, आरे हललेले असत, पाटे झिजलेले असत. वडील ती सोडवीत आणि पुन्हा बांधीत. धाव चढविण्याच्या दिवशी लोहार येई. शेणींच्या जाळात लोखंडी धाव लाल होई, ती चाकावर बसवीत आणि वर पाणी ओतीत. लोखंड आवळे आणि सगळे सांधे एका आवाजानिशी मिटत. वडील गेले तेव्हा मी त्यांच्यावर लेख लिहायला बसलो. चार पाने लिहिली. 'अपार कष्ट', 'घामाचे मोती', 'काळ्या आईची सेवा करणाऱ्यांची सेवा' असे सगळे त्यांत आले. आणि मग एका साध्या वाक्यापाशी मी अडलो. लाकूड तासताना वाकस अंगाकडे येतो की अंगापासून दूर जातो? मी पंधरा वर्षे ते रोज पाहिले होते. मला आठवेना. मी शिकत होतो, पुस्तके वाचीत होतो. हातांकडे बघण्याचे मला कारण वाटले नव्हते. तो लेख मी फाडून टाकला.

स्लोकमच्या पुस्तकातले लाकूडकाम मला कंटाळवाणे वाटले ते याच शिक्षणामुळे. कष्ट हा आदराने उल्लेखण्याचा विषय आहे, पाहण्याचा नव्हे, असे मी शिकलो होतो. आणि मी एकटाच असे शिकलो असे मला वाटत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाड्या'त बलुतेदार आहेत. पण त्या थोर ग्रंथाची नजर व्यवस्थेवर आहे, कोणाला काय मिळते आणि का मिळते यावर आहे. पुढच्या ग्रामीण कथेने सुताराचे दारिद्र्य पाहिले, त्याची बोली ऐकली. ते मोलाचेच काम झाले. मात्र तो पटाशी कशी धरतो, लाकडाची रेघ पाहून कुठे थांबतो, हे लिहिणारी पाने मोजायला बसले तर फार वेळ लागणार नाही.

आक्षेप येईल की तांत्रिक तपशील म्हणजे वाङ्मय नव्हे. खरेच आहे. नाव दुरुस्त करण्याच्या मार्गदर्शक पुस्तिका शेकड्यांनी आहेत आणि त्यांना येथे स्थान नाही. पुस्तिका कोणालाही उद्देशून असते आणि तिच्यातले काम कधीच चुकत नाही. स्लोकमच्या पानांत हे काम एका विशिष्ट माणसाचे, विशिष्ट कुरणातले आणि चुकण्याची शक्यता असलेले काम आहे. त्या कामाचा शेवटही लागत नाही. ब्वेनोस आइरेसला तो डोलकाठी सात फुटांनी कमी करतो, पुढचा दांडा कापतो, नंतर मागे एक लहान शीड वाढवितो. गलबत समुद्राकडून शिकत जाते. याचे फळ थर्सडे आयलंड ते कीलिंग या टप्प्यात दिसते: २,७०० मैल, तेवीस दिवस, आणि सुकाणूवर बसणे सारे मिळून तीनएक तास. सुकाणू बांधून ठेवून हा मनुष्य खाली वाचीत बसला होता. नीट तोललेल्या वस्तूवर टाकलेला हा विश्वास हेच त्या पुस्तकाचे सौंदर्य आहे.

त्याची उणीवही सांगायला हवी. टिएरा डेल फ्यूगोच्या मूळ रहिवाशांविषयी तो ज्या तुच्छतेने लिहितो ती आज वाचवत नाही. रात्री त्यांनी नावेवर चढू नये म्हणून डेकवर टाचण्या पसरण्याचा प्रसंग तो विनोदाने सांगतो, आणि जगभरच्या वाचकांनी तो विनोद म्हणूनच घेतला. ज्याने लाकडाकडे इतक्या आदराने पाहिले त्याला माणसांकडे तसे पाहता आले नाही, ही त्या पुस्तकातली चीर आहे आणि ती बुजविण्याचे कारण नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनचे 'अ वर्ल्ड ऑफ माय ओन' १९६९ साली आले. १४ जून १९६८ ला निघून २२ एप्रिल १९६९ ला परतलेला हा इंग्रज कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला. त्याची बत्तीस फुटी 'सुहेली' मुंबईत बांधलेली होती, सागवानाची, १९६४ च्या अखेरीस पाण्यात उतरलेली. तिच्यासाठी वापरलेली हत्यारे वाकस आणि धनुकलीने फिरवायचा सामता. म्हणजे माझ्या वडिलांचीच. हे कळले त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

त्या पुस्तकातले सर्वांत चांगले प्रकरण पुन्हा डागडुजीचेच आहे. निघाल्यावर थोड्याच आठवड्यांत, अटलांटिकमध्ये, 'सुहेली'त पाणी येऊ लागते. डोलकाठीच्या खाली, कण्याजवळच्या सांध्यात फट पडलेली. नॉक्स-जॉन्स्टन नाव थांबवितो, पाण्यात बुडी मारतो आणि श्वास पुरेल तेवढा वेळ फटीत कापूस ठोकतो. कापूस टिकत नाही म्हणून कॅनव्हासची पट्टी शिवून तीवर डांबर फासतो, ती चुका मारून बसवितो, आणि वर तांब्याचा पत्रा ठोकतो. मध्येच शार्क येतो. वर येऊन त्याला गोळी घालावी लागते. शार्कच्या गोष्टीला प्रसिद्धी मिळणारच. माझे लक्ष कापसाच्या त्या दोरीवर खिळते, कारण ती बसली नाही तर पुढचे सगळे पुस्तकच नाही. वृद्धपणी त्याने 'सुहेली' स्वतः पुन्हा दुरुस्त केली. सागवान ठाकठीक होते; लोखंडी खिळे-बोल्ट गंजत चालले होते, ते त्याने बदलले. मुंबईच्या सुतारांचे लाकूड त्यांच्या लोखंडापेक्षा दीर्घायुषी ठरले. सागवानाची ही कीर्ती जुनीच आहे. १८१७ साली मुंबईच्या वाडियांच्या गोदीत बांधलेले 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज दीर्घ जीर्णोद्धारानंतर इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. गोदीच्या मुख्य कारागिरांची नावे इतिहासाने ठेवली. वाकस धरणाऱ्यांची ठेवली नाहीत.

१९६८ च्या त्याच शर्यतीने या विषयाची काळी बाजूही दाखविली. डोनाल्ड क्रोहर्स्ट ३१ ऑक्टोबर १९६८ ला, म्हणजे मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, निघाला. त्याची तीन तळांची नाव नवी कोरी होती, पण तिची सज्जता अर्धवट राहिलेली होती. झडपांतून पाणी येत होते, आवश्यक सामान किनाऱ्यावरच राहिले होते. पुढे जाणे म्हणजे मृत्यू आणि परतणे म्हणजे दिवाळखोरी, अशा पेचात सापडून त्याने अटलांटिकमध्येच घुटमळत खोट्या प्रगतीच्या तारा पाठविल्या. १० जुलै १९६९ ला त्याची नाव निर्मनुष्य सापडली. आत नोंदवह्या होत्या. निकोलस टॉमलिन आणि रॉन हॉल यांचे १९७० चे पुस्तक या नोंदवह्यांवर उभे आहे आणि त्याइतके भयंकर वाचन मी थोडेच केले आहे. त्यात नावेचे अपुरे काम आणि भाषेचे खोटेपण एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. ज्या झडपेत पाणी येते तिच्याविषयी खरे लिहिणे त्याला परवडत नाही. मग दुसरे वाक्य पहिल्याला झाकण्यासाठी, तिसरे दुसऱ्याला. नॉक्स-जॉन्स्टनने आपले पाच हजार पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले. त्याने स्वतः अशीच एक फट पाण्याखाली जाऊन बुजविली होती. क्रोहर्स्ट कशात सापडला हे त्याला इतरांपेक्षा अधिक कळले असेल, असे मला वाटते.

आपल्याकडची गोष्ट त्यानंतर चाळीस वर्षांनी घडली आणि तिचा आरंभ, गंमत अशी, समुद्रापासून दूर फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी गावात राहणाऱ्या एका निवृत्त नौसेनानीच्या डोक्यात झाला. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींनी भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी असा ध्यास घेतला. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' ही छप्पन्न फुटी नाव बांधली. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून, चार ठिकाणी थांबून, दोंदे मे २०१० मध्ये परतले. त्यांचे 'द फर्स्ट इंडियन' हे पुस्तक समुद्राआधी वाचकाला त्या कारखान्यात नेते. नाव बांधणाऱ्याचे नाव तेथे ठळक आहे, आणि एकट्याच्या प्रवासामागे किती हात असतात हे लेखक विसरत नाही. स्लोकमच्या मानाने गद्य सपाट आहे. पण हा प्रामाणिकपणा लहान नव्हे. अभिलाष टॉमी २०२२ मध्ये ज्या शर्यतीत उतरले तिच्या नियमाने नावेचा आराखडा १९८८ पूर्वीचा असावा लागे. अशा जुन्या घडणीच्या नावेत २३६ दिवस काढून २९ एप्रिल २०२३ ला ते दुसरे आले. वाटेत वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र मोडले, तेव्हा त्यांनी शौचकूपाचे दार कापून त्याचे भाग केले. घरातली कोणती वस्तू केव्हा सुकाणू होईल हे घर मांडताना सांगता येत नाही.

दोंद्यांनी इंग्रजीत लिहिले याबद्दल मी तक्रार करीत नाही. मला सलते ते वेगळे आहे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खाडीकाठी खडकात खोदलेली मराठ्यांची गोदी आजही आहे. आंग्र्यांवर आपण चरित्रे आणि कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत लढाया आल्या, तोफा आल्या. त्या गोदीत ओढून घेतलेल्या गलबताची कुजकी फळी कोणी कशी काढली असेल, याची कल्पना करायला आपल्याला सवड झाली नाही. आणि हे काम काही इतिहासजमा नाही. दर पावसाळ्यात मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून शाकारल्या जातात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत वर्सोव्यापासून मालवणपर्यंत हातोडीचा आवाज चालू असतो. लाकडाची जागा हळूहळू काचतंतूने घेतली. म्हणजे लाकडी होडी दुरुस्त करण्याचे शब्द आणखी किती दिवस कोणाच्या तोंडी राहतील हे उघड आहे. गाडीच्या चाकाचे शब्द आमच्या गावातून माझ्या डोळ्यांदेखत गेले. 'पाटा' म्हटले तर आज आमच्या शेजारच्या मुलाला मिक्सरच्या आधीचे यंत्र आठवते, आणि त्यात त्याचा दोष नाही.

माझ्या जुन्या परीक्षणातले ते वाक्य मी येथे मागे घेतो. त्याचा लेखकाला आता उपयोग नाही. कदाचित एखाद्या तरुण परीक्षकाला होईल. आणि मालवणात, श्रीवर्धनला किंवा वर्सोव्याला कोणी असा असेल की ज्याने बापाबरोबर होडी उलटी करून तिच्या सांध्यांत कापूस भरला आहे, तर त्याला माझी विनंती आहे की त्याने वादळाची वाट न पाहता लिहायला बसावे. कोणती फळी, कोणत्या लाकडाची, कोणी धरली, कोणी ठोकली, एवढे आले तरी पुरे. 'परवडेल का' असे विचारणारे येतीलच.

वडिलांचा वाकस माझ्याजवळ आहे. या उन्हाळ्यात गावातल्या एका वृद्ध सुताराकडे तो घेऊन गेलो. त्यांनी तो हातात तोलला, धार पाहिली, आणि बाभळीच्या ओंडक्यावर पाय ठेवून दोन घाव घातले. वाकस अंगाकडे येतो. पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर थांबतो.